माझ्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. सकाळी ७.१०

आजपासून रोज डायरी. मोठे पोकर खेळाडू रोज लिहितात, असं गाईडमध्ये पान तीनवर दिलं आहे. नवशिक्यांसाठी गाईड, चाळीस पानं. ऑफिसातल्या पियुषने फोनवर पाठवलं, मी गोडाऊनच्या प्रिंटरवर काढून घेतलं. पान १७ ते १९ ला शाई संपत आली, ती काही वाचता येत नाहीत. सदतीस पानं पुष्कळ झाली.

परिस्थिती अशी. वय बेचाळीस. शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये डिस्पॅच सुपरवायझर, सोळा वर्षं. राहायला तिथून दहा मिनिटांवर, भाड्याच्या दोन खोल्या आणि किचन. बुद्धी या सगळ्याच्या मानाने जास्त. फोनवर पैसे लावून खेळणं सरकारने बंद केलं तेव्हा पियुष रडकुंडीला आला होता. मी म्हटलं, बरं झालं. खरं पोकर समोरासमोर बसून, माणसाचा चेहरा वाचून खेळायचं असतं. आणि माझ्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. हर्षासुद्धा हे मान्य करते. लग्नाचा अल्बम पाहताना म्हणाली होती.

गाईडप्रमाणे खेळाडू कमी पत्त्यांवर खेळणारा असला तर टाइट, कशावरही घुसणारा असला तर लूज. स्वतः बोली वाढवणारा अॅग्रेसिव्ह, दुसऱ्याच्या मागे मागे जाणारा पॅसिव्ह. सगळ्यात भारी कोण, तर टाइट-अॅग्रेसिव्ह. वाट पाहतो, आणि वेळ आली की सोडत नाही. वाचून अंगावर काटा आला. हा मीच.

मार्चमध्ये गोव्याला स्पर्धा आहे. तोपर्यंत मागच्या खोलीची स्टडी रूम करायची. टेबल, लाइट, आरसा. हर्षाला अजून सांगितलेलं नाही. अडचण एकच. परवा सासूबाई उमरेडहून येताहेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला, आणि ती खोली त्यांना द्यायची आहे. आठ दिवसांचा तर प्रश्न.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. सासूबाईंना काळा गॉगल दिला आहे. दिवसातून चार वेळा ड्रॉप, चुलीपाशी जायचं नाही, धूर नको. जवळचं दिसायला चष्मा लागेल, तो महिन्याने.

माझं टेबल गॅलरीत. त्याच्यावर इस्त्री.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

गोडाऊनमध्ये प्रॅक्टिस सुरू. प्रत्येक माणसाचा प्रकार ओळखून वहीत मांडला. शेठ गोपाळराव: लूज-पॅसिव्ह, सहज दबेल. पियुष: बिलिंगला बसतो पण वृत्तीने मासा. (पोकरमध्ये कच्च्या खेळाडूला मासा म्हणतात, पक्क्याला शार्क.)

दुपारी अमरावतीच्या ड्रायव्हरचा फोन. म्हणाला, चार वाजता पोचतो. आवाजात किंचित कंप होता. मी ताबडतोब ओळखलं, ब्लफ आहे, सहाच्या आत येत नाही. हमालांना चहाला सोडलं.

गाडी ३.५० ला आली. कंप रस्त्याचा असावा. शेठ स्वतः खाली उतरून पेट्या मोजत होते.

रविवार, १६ नोव्हेंबर

घरी पहिला डाव. मी, हर्षा आणि सासूबाई. पैसे नाहीत, फुटाणे. प्रत्येकी पन्नास.

नियम समजावले. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडे, त्या सातातून आपले उत्तम पाच. बोली वाढवत जायचं, जमत नसेल तर पत्ते टाकायचे. त्याला फोल्ड म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, "पॅक म्हना नं मंग." त्यांना तीन पत्ती येते. मी सांगितलं की हा वेगळाच, डोक्याचा खेळ आहे. त्या बरं म्हणाल्या. पत्ते वाटायचं काम त्यांनी मागून घेतलं, हाताला काही काम लागते म्हणाल्या.

माझी एक स्वतःची टेक्निक आहे. चांगला पत्ता आला की मी अंगठ्याचं नख पत्त्याच्या कोपऱ्यात जोरात रुतवतो. सगळी खुशी अंगठ्यात उतरते, चेहरा कोरा राहतो. गाईडमध्ये हे कुठेही दिलेलं नाही.

निकाल: वीस मिनिटांत मी बाद. पण यातले तीसेक फुटाणे मी खाल्ले होते, म्हणजे खेळात हरलो ते फक्त वीस. पुढच्या वेळी आधी पोटभर जेवून बसायचं.

सासूबाईंचा प्रकार लगेच कळला. प्रत्येक बोलीला नुसतं "दाखवा" म्हणतात. गाईडमध्ये याला कॉलिंग स्टेशन म्हटलं आहे. जगातला सर्वांत सोपा प्रतिस्पर्धी. तरी त्या जिंकल्या. नवशिक्यांचं नशीब.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आरशासमोर अर्धा तास निर्विकार चेहरा. हर्षाने विचारलं, "ॲसिडिटी झाली का?" इनो आणून दिला. घेतला, कारण नाही म्हटलं असतं तर चेहऱ्यावरचा ताबा गेला असता.

धरमपेठेतून काळा गॉगल घेतला. घरी आता दोन गॉगल.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आठ दिवस संपले. डॉक्टर म्हणाले दुसरा डोळा १६ डिसेंबरला. म्हणजे तोपर्यंत मुक्काम.

जेवताना हर्षाने आणखी एक सांगितलं. त्यानंतरही आई इथेच राहिली तर बरं. उमरेडला महादेवभाऊ, म्हणजे माझे मेहुणे, आणि वहिनी, दोघं पहाटे बसस्टँडवरच्या नाश्त्याच्या ठेल्यावर जातात ते संध्याकाळी येतात. घरी दिवसभर सासूबाई एकट्या. दिवाळीत चुलीवर हात भाजला, तो दिसत नव्हतं म्हणून. शेजारच्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, विचार करू. (पॅसिव्ह वाटेल, पण पुढचा पत्ता पाहण्यासाठी थांबणं हीसुद्धा एक चाल आहे.)

माझं मत: त्यांच्यासाठी उमरेडच चांगलं. हवा चांगली आहे. माणसाला आपली जागा लागते. मी केवळ त्यांचा विचार करतो आहे. खोलीत टेबल खिडकीच्या डाव्या बाजूला बरोबर बसेल, मोजून पाहिलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

दुसरा डाव. जेवून बसलो. तरी फुटाणे संपले, कारण भाजलेले होते.

सासूबाई पत्ते वाटताना प्रत्येक पत्ता अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून कोपऱ्यावरून फिरवतात, मग टाकतात. वेळ लागतो. मी सभ्यपणे म्हटलं, जरा पटापट. त्या म्हणाल्या, "सवय हाये जावईबापू. चाळीस वर्स हेच केलं." त्यांचं काम मागावर नव्या ताण्याचे उभे धागे जुन्या धाग्यांना जोडायचं. एका साडीला हजारोंनी धागे. मागाच्या खोलीत उजेड कमी, म्हणून सगळं बोटांवर. गाठ कुठे आली, धागा कुठे विरला, बोटाला कळायचं, डोळे कोण लावतो, म्हणाल्या. माहिती चांगली आहे पण पोकरशी संबंध नाही.

आज मला चांगले पत्ते आले की त्या लगेच पॅक. पत्ते वाईट असले आणि मी ब्लफ केला की "दाखवा." सलग सात वेळा. इतकं उलटं नशीब मी कोणाचं पाहिलेलं नाही. गाईडमध्ये अशा खेळाडूचा प्रकार नाही. नवीन पान जोडलं: सुदैवी-पॅसिव्ह.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज जिगर दाखवली. शेठकडे सरळ गेलो. मार्चमध्ये दहा दिवस रजा पाहिजे आणि डिस्पॅच मॅनेजर हे नाव पाहिजे, नाहीतर मी दुसरीकडे विचार करून राहिलो आहे. अॅग्रेसिव्ह. नजर रोखून. गॉगल लावून.

शेठनी ड्रॉवर उघडला, कोरा कागद काढला, वर पेन ठेवलं. म्हणाले, "लिहून दे गा, आत्ताच सही करतो."

मी फोल्ड केलं. चांगला खेळाडू फोल्ड करायला लाजत नाही. कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. बाहेर पियुष म्हणाला, "काहून बे, घाम आला तुले?" त्याला सांगितलं, गॉगलमुळे. गॉगलमुळे कपाळाला का घाम येईल, असं तो विचारत बसला. मासा आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर. दुपारी

हर्षाशी किचनमध्ये बोलणं झालं. मी सगळं नीट मांडलं. खोली एकच, मला स्टडी रूम हवी, मार्चमध्ये गोवा, माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे. उमरेडला त्यांचं स्वतःचं घर आहे, मुलगा आहे, मग जावयाच्या दारात कशाला. हे वाक्य थोडं मोठ्याने गेलं. हर्षाने बोट ओठांवर ठेवलं. मागच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. पडदा हलला. वारा असावा. खिडकी बंद होती, पण हिवाळ्यात वारा कुठूनही येतो.

त्याच दिवशी, सायंकाळी ६

आश्चर्य. डावाला बसल्यावर सासूबाईंनी स्वतः विषय काढला. म्हणाल्या, पुढच्या रविवारी आपण दोघंच खेळू. "तुमी जितले तं मी उमरेडले जातो. मी जितली तं इथं रायतो. पत्त्यावरच होऊन जाऊ द्या, जावईबापू. कोनाले कोनाशी बोलाचं काम नाई."

हर्षा ताडकन उठून आत गेली. तिला खेळाची समज नाही. मला मात्र मनापासून आनंद झाला. योगायोग पाहा, मी हेच सुचवणार होतो. आणि एका कॉलिंग स्टेशनने, जवळचं धड दिसत नसताना, मला एकास एक आव्हान दिलं. गाईडमध्ये अशा माणसाला मॅनियाक म्हटलं आहे. अशांना हरवणं सोपं, फक्त संयम हवा.

सोमवार, १ डिसेंबर

वेळापत्रक. पहाटे ५ ला उठणे. ५.१५ ध्यान. ५.४५ ते ७ गाईड. फुटाणे बंद.

मंगळवार, २ डिसेंबर. सकाळी ८.२०

थंडी फार आहे. उद्यापासून.

गुरुवार, ४ डिसेंबर

वेळापत्रकात बदल, पहाटेचा भाग काढला. ध्यान आंघोळीत.

सासूबाई दिवसभर तुरीच्या शेंगा सोलत बसतात. आज सोले-वांग्याची भाजी. तीन वेळा घेतली. वाढताना त्यांनी विचारलं, गोव्याले समुद्र असते नं. मी हो म्हटलं. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. मीही नाही, पण ते सांगितलं नाही. प्रतिस्पर्ध्याला माहिती द्यायची नसते.

रविवार, ७ डिसेंबर. दुपारी ४.४०

जिंकलो. जिंकलो. जिंकलो.

नीट लिहून ठेवतो, पुढे शिकवताना उपयोगी पडेल.

तीनला बसलो. दोघंही गॉगल लावून. हर्षा पाठ करून सोले सोलत बसली, एकदाही वळून पाहिलं नाही. सुरुवातीला माझं वाईट चाललं होतं, पन्नासाचे अठरा उरले (खाल्ला एकही नाही, हे महत्त्वाचं). मग तो डाव. सासूबाईंनी बोटं फिरवत पत्ते वाटले. मला सत्ती आणि दुर्री. गाईडच्या पान सहावर लिहिलं आहे की पोकरमध्ये यापेक्षा वाईट दोन पत्ते नाहीत. टेबलावर एकेक करत पाच उघडले: राजा, नव्वी, चौक्का, राणी, छक्की. माझं कशाशीच काही जुळत नाही. शून्य.

इथेच माणसाची परीक्षा असते. मी अठराच्या अठरा पुढे सरकवले.

सासूबाईंनी आपले दोन पत्ते पालथे ठेवले आणि त्यांच्यावर हात ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, तुमाले ते खोली लय पायजे का?"

प्रतिस्पर्धी बोलायला लागला की समजावं, तो घाबरला. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलू दिली नाही.

"पॅक," त्या म्हणाल्या. पत्ते कॅटात घातले नाहीत, तसेच पालथे हर्षाकडे सरकवले. "आता उरलेलं कायले खेळाचं. मी हरली म्हना."

मी उठून टाळी वाजवली. आपोआप वाजली. सत्ती-दुर्री दाखवली पण. गाईड म्हणतं ब्लफ कधी दाखवू नये, पण असे क्षण आयुष्यात किती येतात? शुद्ध चेहऱ्याच्या जोरावर जिंकलो. टाइट-अॅग्रेसिव्ह.

हर्षा अभिनंदन करायची विसरली.

सोमवार, ८ डिसेंबर

सासूबाईंना घेऊन सकाळी उमरेडच्या बसकडे. विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनामुळे अर्धे रस्ते बंद, ऑटो तीनदा वळवावा लागला. त्या पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. बसमध्ये चढताना म्हणाल्या, सोले डब्यात भरून ठेवले, चार दिवस पुरतील, हर्षाले वेळ नाई भेटत. १६ तारखेला ऑपरेशनला मी येईन घ्यायला, असं मी म्हटलं. "पाहू," म्हणाल्या.

दुपारी टेबल आत नेलं. खिडकीच्या डाव्या बाजूला बसत नाही. पंधरा सेंटिमीटरने चुकलं. उजव्या बाजूला ठेवलं.

बुधवार, १० डिसेंबर

स्टडी रूम तयार. शांतता उत्तम. घरातही उत्तम शांतता, हर्षा कामापुरतं बोलते, म्हणजे "गॅस संपला" आणि "दार लावा."

खेळायला समोर कोणी नाही, म्हणून डावा हात विरुद्ध उजवा हात. डावा जिंकला. मी उजव्याच्या बाजूने होतो.

शुक्रवार, १२ डिसेंबर

हे लिहावं की नाही, ठरत नव्हतं. डायरी कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

सकाळी हर्षा खोलीत आली. कॅट उचलला आणि म्हणाली, डोळे मिटा. मी म्हटलं, ऑफिसला उशीर होतो. म्हणाली, मिटा. मिटले. तिने माझ्या बोटांत एकेक पत्ता दिला, कोपऱ्यावरून अंगठा फिरवा म्हणाली. गुळगुळीत. गुळगुळीत. गुळगुळीत. मग एक खड्डा. चंद्रकोरीसारखा, खोल.

डोळे उघडले. इस्पिकचा एक्का.

तासभर बसून सगळे पत्ते तपासले. एक्के, राजे, तीन राण्या. प्रत्येकावर माझ्या अंगठ्याचं नख. चांगला पत्ता आला की रुतवलेलं. बाकी पत्ते कोरे.

हर्षा म्हणाली, आईने पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. जावईबापू पत्त्यायवर सही करून राहिले म्हणे, आपन कायले बोलाव, त्याहिले खेळू दे. म्हणजे वाटताना त्यांना सगळं कळायचं, माझ्याकडे काय गेलं, त्यांच्याकडे काय राहिलं. मी तरी म्हटलं, ठीक आहे, पण शेवटचा डाव मी ब्लफवर जिंकलो, त्याचं काय?

तिने पदराआड धरलेले दोन पत्ते टेबलावर ठेवले. त्या दिवशी तिच्याकडे सरकवलेले. मी रविवारपासून पन्नास पत्त्यांनी खेळत होतो आणि मोजलेही नव्हते. बदामचा एक्का, किल्वरचा एक्का. दोन्हीवर नख.

त्यांना माहीत होतं. माझ्या हातात नख लागलेला एकही पत्ता नाही, हे पत्ते वाटले तेव्हाच माहीत होतं.

मग पॅक का केलं, असं मी विचारलं. हर्षाने आईचे शब्द सांगितले. "घरात का पत्ते जितून रायतेत वं, हर्षा?" आणि ती भांडी घासायला गेली.

सबब सुचत नाही. गाईड पूर्ण चाळलं. पान १७ ते १९ खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. मथळा तेवढा लागला: आपल्या हातांच्या सवयी.

मी टाळी वाजवली होती. ते आठवतं आहे सारखं. लाज वाटते.

शनिवार, १३ डिसेंबर

उद्या उमरेड. भाषण तयार केलं, बारा मुद्दे. सन्मानाने बोलायचं, गयावया नाही. नवा कॅट घेतला, सीलबंद. त्यात कोणाला काही कळणार नाही.

रविवार, १४ डिसेंबर. उमरेडहून परतताना, बसमध्ये. अक्षर हलतं आहे

महादेवभाऊंचं घर. दार उघडं, दोघं ठेल्यावर. सासूबाई ओसरीवर गॉगल लावून, आत चूल पेटलेली, धूर दारातून बाहेर. मी ड्रॉपची बाटली शोधली. कोनाड्यात होती, जवळपास भरलेली. कोण टाकते, विचारलं. "सून संध्याकायी आली का टाकते एखांदवेळी. थकून येते ते बी." चार वेळा सांगितलेलं. मी हात धुऊन आधी ड्रॉप टाकला.

बारा मुद्द्यांपैकी एकही आठवला नाही.

त्यांनी विचारलं, "काहून आले?" मी म्हटलं, परवा ऑपरेशन आहे. "आनखी?" म्हटलं, खोली रिकामी आहे. "आनखी?" म्हटलं, आई, माझं चुकलं. ते टाळीचं तर फारच चुकलं. चला.

त्यांनी गॉगल काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, बोलीवर गेली होती, बोलीवरच येईन, नाहीतर उद्या तुमीच म्हनसान, हर्षानं लावून धाडलं. येक डाव. मी जिंकलो तर त्या उमरेडलाच. त्या जिंकल्या तर वाडीला, कायमच्या.

नवा कॅट दिला. त्यांनी सील काढलं, पत्त्यांवरून बोटं फिरवली, म्हणाल्या, "हा मुकाच हाये." वाटले.

उचलून पाहिलं. दोन राजे.

एरवी तीन महिने खेळत बसलो असतो तरी मला दोन राजे आले नसते. आयुष्यात पहिल्यांदा एका वेळी दोन. पुढे टेबलावर, म्हणजे पाटावर, तिसराही उघडला. हरणं कठीण झालं होतं. गोवा डोळ्यांसमोरून गेला, समुद्रासकट.

मी पत्ते पालथे टाकले. पॅक, म्हटलं. काही आलंच नाही, सत्ती-दुर्री. माझं नशीबच असं.

त्यांनी माझे टाकलेले पत्ते न उलटता गोळा केले, कॅटात सरकवले आणि चूल विझवायला उठल्या. पिशवी भरलेलीच होती.

नवा कॅट, कोऱ्या कडा, त्यांना जवळचं दिसत नाही. कळायला मार्गच नाही. चेहऱ्यावर तर माझ्या काहीच नव्हतं. आत्तापर्यंतचा माझा हा पहिला ब्लफ जो कोणीही पकडला नाही, आणि तो कोणाला सांगताही येत नाही. शेजारच्या सीटवर त्या झोपल्या आहेत. डोकं माझ्या खांद्यावर आलं आहे, म्हणून लिहिणं थांबवतो.

बुधवार, १७ डिसेंबर. सायंकाळी

काल दुसरा डोळा झाला. चांगला झाला. माझं टेबल गॅलरीत, त्याच्यावर इस्त्री. हे वॉशिंग मशीनवर उभ्याने लिहितो आहे. हर्षा बोलते. आज विचारलं, चहा घेता का?

गोवा पुढच्या वर्षी. किंवा त्याच्या पुढच्या.

सहाचा ड्रॉप माझ्याकडे आहे, वेळापत्रकात टाकला, आणि हे वेळापत्रक पाळलं जातं आहे. आज टाकताना सहज म्हटलं, रविवारी तुम्ही नशिबाने जिंकल्या हो आई, मला जरा बरे पत्ते असते तर काही खरं नव्हतं. जिंकलेल्याला नशीबवान म्हणायचं, म्हणजे संशय येत नाही.

त्यांनी उशीखालून नवा कॅट काढला आणि माझ्या हातात दिला.

"सारा कॅट कोरा हाये, जावईबापू," त्या म्हणाल्या. "दोनच पत्त्यायले नख लागलं. दोनी राजे."

ड्रॉप गालावर पडला. म्हणाल्या, "नीट टाका." दुसरा नीट टाकला.

रविवारी डाव आहे. फुटाणे आणायचे. पियुषकडून पान १७ ते १९ पुन्हा मागवायची.